स्टार्टरमधली काडी

मार्कांचा तक्ता पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा मी पेन उघडलं आणि परत बंद केलं. तळाला छापलेलं होतं, 'निदेशकाची सही'. त्या रिकाम्या जागी माझं नाव यायचं होतं. जिनं आठवीची सहामाही झाल्यावर दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं, तिनं नववीतल्या पोरांना मार्क द्यायचे होते. हात पदराला पुसला आणि सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की दुसऱ्या कोणाची सही वाटावी.

माझं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, खाडीकाठी. शाळा पलीकडच्या तीरावर, होडीनं जायचं. आई अंथरुणाला खिळली आणि घरातली थोरली म्हणून होडी माझीच सुटली. पुढे आई उठून बसली, हिंडूफिरू लागली, पण तोवर माझ्या वर्गातल्या मुली दहावीला पोचल्या होत्या. मग पुण्याकडच्या एका कारखान्यात लागले. तिथं मोटरीच्या कॉइली गुंडाळायचं काम बायकांकडेच असायचं. नवरा विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर. त्याची बदली झाली आणि आम्ही विदर्भातल्या सुलतानपूरला आलो. तिथंच घराच्या पुढच्या खोलीत मी जळालेल्या मोटरी भरून द्यायला लागले. म्हणजे जळालेली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळून बसवायची. शेतकरी मोटर खांद्यावरून उतरवून विचारायचे, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणायची, "मीच." मग ते मोटर परत उचलावी की काय, अशा विचारात उभे राहायचे. मी मुकाट्यानं पाट पुढे करायची.

शाळेचे मुख्याध्यापक असेच एकदा शाळेची जळालेली मोटर घेऊन आले. मी तार गुंडाळत होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या शाळेत तंत्राचा विषय हाये. पोराईले हातानं काम शिकवायचं. वीज शिकवाले माणूस भेटत नाही. याल काय?"

मी आधी शिक्षण सांगून टाकलं. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. "सातवी पास. आठवी अर्धी."

"हात पूर्ण हाये ना? मंग झालं." जाता जाता ते उंबऱ्यावर थांबले. "एक गोष्ट मात्र आताच सांगतो, बाई. साल सरता बाहेरचा परीक्षक येते. तुमचे मार्क त्यानं धरले त तुम्ही राह्यल्या. नाही धरले, त मी काही करू शकत नाही."

हे वाक्य मी जेवताना, झोपताना, तार मोजताना ऐकत असे. मला ते काम हवं होतं. घर चालायला वायंडिंग पुरत होतं. हे वेगळं होतं. वर्गात शिरले की सव्वीस पोरं उभी राहायची, "एक साथ नमस्ते" म्हणायची. सुटलेल्या शाळेत मला पुन्हा आत घेतलं होतं, आणि तेही फळ्याकडच्या बाजूला. ते पुन्हा सुटू नये, एवढंच मला हवं होतं.

म्हणून पहिल्या वर्षी मी भीत भीत मार्क दिले. मला काय माहीत मार्क कसे देतात? माझ्या आठवणीतल्या बाई वही बघायच्या. माझी शेवटची वही अर्धी कोरी राहिली होती. पूर्ण भरलेल्या, समास आखलेल्या वहीपुढे मला आजही जरा वाकावंसं वाटतं. तेव्हा ज्याची वही सुंदर त्याला मार्क जास्त. एका मुलानं स्विचबोर्डाची आकृती अशी काढली होती, की भिंतीला लावावी. त्याला वीसपैकी एकोणीस दिले. परीक्षक आले, वह्या चाळल्या, चहा घेतला आणि गेले. मी वाचले.

जूनमध्ये त्या मुलाची आई माझ्या दारात. हातात मिक्सर.

"मॅडम, पोराले एकोणीस भेटले म्हनून मी कौतुकानं मिक्सर त्याच्याजवळच देला. त्यानं वायर जोडली. साऱ्या घराची लाइन उडवली! सासूबाई देवापुढून उठून पळाल्या." ती रागावली नव्हती, हसत होती, म्हणून मला जास्त लागलं. "आता मले एक सांगा, वीसपैकी एकोणीस म्हंजे त्याले येतेच ना? मंग येत नव्हतं त एकच मार्क काऊन कापला होता?"

मला आठवत होतं. पान सातवर शाईचा डाग पडला होता, म्हणून.

मी मिक्सर दुरुस्त करून दिला. ती गेल्यावर खोलीत बसून राहिले. त्या मुलाला स्क्रूड्रायव्हर धरताना मी वर्षभरात एकदाही नीट पाहिलं नव्हतं. सही मात्र केली होती.

त्या आठवड्यात मला कारखान्यातल्या सुपरवायझर बाई आठवल्या. कडक बाई, पण माझ्या हाताला जे काही येतं ते त्यांच्यामुळे. नवी मुलगी तयार झाली की नाही हे त्या कधी विचारून बघत नसत. तिच्या ट्रेमध्ये चांगल्या कॉइलींत एक बिघडलेली कॉइल गुपचूप सरकवायच्या आणि लांब जाऊन उभ्या राहायच्या. मुलीनं ती बाजूला काढली की तिथूनच हात वर करून चहा सांगायच्या. माझा चहा तिसऱ्या खेपेला आला होता.

दुसऱ्या वर्षी मी वर्गात हेच सुरू केलं. लाकडी फळीवर बल्ब, बटनं, प्लग जोडले आणि प्रत्येक वेळी एक खोड मुद्दाम घालून ठेवायची. कधी वरून साबूत पण आतून तुटलेली वायर, कधी बटनाच्या पितळी पट्टीखाली कागदाचा कपटा. पोरानं शोधायची, काढायची आणि काय करतोय ते मोठ्यानं सांगत राहायचं. सगळ्यात आधी मेन स्विच बंद करून फ्यूजच्या ग्रिपा, म्हणजे तार बसवलेले ते चिनी मातीचे ठोकळे, काढायच्या आणि स्वतःजवळ ठेवायच्या. टेबलावर नाही, दोस्ताकडे नाही. ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात ग्रिपा. हे विसरला तर पुढचं काम कितीही चांगलं असो, मी दोन मार्क कापायची. वह्यांत मी फारसं लिहायला लावत नव्हते. जे केलं तेवढंच लिहा म्हणायची. साहजिक वह्या बारीक झाल्या. त्यांच्याकडे बघितलं की परीक्षक आठवायचे.

वर्गात एक मुलगी होती. घरची वांगी-टोमॅटोची शेती, बाजाराच्या दिवशी हटकून गैरहजर. अक्षर असं की ओळी एकमेकींवर चढायच्या. भाषेच्या सरांनी तिची आशा सोडलेली. पण वायरवरून बोट फिरवून ती म्हणायची, "इथी मऊ लागून राह्यलं मॅडम, आतून तुटली हाये." आणि असायचीच.

जानेवारीत मी मोठी परीक्षा घेतली. भंगारातला विहिरीच्या मोटरीचा स्टार्टर आणला. मोटर चालू-बंद करायची ती लोखंडी पेटी. तिच्या आत रिले असतो. मोटरवर ताण आला, एखादा फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एक, गेला की तो मोटर कट करतो, म्हणून मोटर वाचते. मी दोन खोडी घातल्या. एक स्क्रू ढिला केला आणि रिलेच्या फटीत एक काडी खोचली, म्हणजे रिले हलूच शकणार नाही. ही काडीच खरी परीक्षा होती.

सव्वीसच्या सव्वीस पोरांनी स्क्रू शोधला. काडीला कोणी हात लावला नाही. ती मुलगी सगळ्यात शेवटी आली. तिनं पेटी उघडली, काडीकडे सरळ बघितलं, स्क्रू कसला आणि झाकण लावलं.

"झालं?"

"हाव मॅडम. स्क्रू ढिला होता."

"आणि ही काडी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "ते त असतेच ना मॅडम."

वर्ग खदखदून हसला. मागून एकजण म्हणाला, "मॅडमच्या घरी वावर नाही न बे, त्याईले काय मालूम!"

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, सगळी नापास. तो भाकरी मोडत होता. म्हणाला, "सव्वीसच्या सव्वीस? मग पोरं नापास की पेपर?"

त्याच्या त्या बोलण्यावर मी रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी वर्गात गेल्यावर एवढंच विचारलं, "कोणाकोणाच्या वावरातल्या स्टार्टरमध्ये काडी आहे?" सगळे हात वर. अगदी सहज. मोटर घडीघडी कट होते, दरवेळी घरून वावरात कोण पळणार, म्हणून काडी. आजानं खोचलेली, बापानं बदललेली. त्यांनी काडीशिवायचा स्टार्टर जन्मात पाहिला नव्हता. ज्या गोष्टीला पोरं स्टार्टरचा भाग समजत होती, तिला खोड कशी म्हणणार? मी आधी काही न शिकवताच मार्क कापायला बसले होते.

दुपारी मी घरून एक जळालेली मोटर उचलून आणली. भरायची बाकी होती. आतली तार कोळशासारखी काळी, वास असा की पुढच्या बाकावरची पोरं मागे सरकली. वरच्या लोखंडावर पिवळ्या रंगानं नाव होतं. ती मुलगी उठून जवळ आली.

"ही त आमचीच हाये."

"कशी जळाली?"

ती हळूहळू, स्टार्टरकडे बोट करत, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलत गेली. एक फेज गेला असन. मोटर अडली असन. रिले कट कराले गेला असन... तिचं बोट काडीशी थांबलं. "म्हंजे तो ओरडून राह्यला होता मॅडम, अन् आपण त्याचं तोंड दाबलं."

माझ्या सुपरवायझर बाई तिथं असत्या तर त्यांनी हात वर करून चहा सांगितला असता.

मी ती परीक्षा रद्द केली आणि नवी ठेवली. घरच्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, मेन बंद करा, ग्रिपा काढून स्वतःजवळ ठेवा आणि काडी काढून मला आणून द्या. सोबत चिठ्ठी, मोटर कशानं कट होत होती ते शोधून. घरचे नाही म्हणाले तर ते काय म्हणाले ते लिहून आणा, त्यालाही मार्क.

नवरा म्हणाला, "काड्या निघाल्या तर मोटरी जळायच्या नाहीत. तुझ्याकडे भरायला कोण आणणार?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं तेव्हा हसूच आलं.

काड्या यायला लागल्या. आगपेटीच्या, निंबाच्या, बाभळीच्या. कंगव्याचा दात, पेनाची रिकामी रिफिल, बांगडीचा प्लास्टिकचा तुकडा. मी लोणच्याची रिकामी बरणी धुऊन ठेवली आणि एकेक काडी तिच्या चिठ्ठीसकट आत टाकत गेले. एकाच्या चिठ्ठीत होतं, 'बाबा म्हणले तुझी मॅडम येईन काय बटन दाबाले.' तिघांच्या घरून काडी निघालीच नाही. त्या मुलीची चिठ्ठी सगळ्यात लहान होती. 'नट ढिला. तार काळी.' अक्षरं एकमेकांवर चढलेली, पण ढिल्या नटानं फेज तुटत होता, त्यांची मोटर जळण्याचं कारण तेच होतं.

मार्चमध्ये परीक्षक आले. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर. वह्यांचा गठ्ठा उचलला आणि हातातच तोलला.

"एवढ्याच?"

"हो सर."

"आकृत्या कुठे आहेत?"

मी बरणी पुढे सरकवली.

"हे काय? लोणचं?"

मागे कोणीतरी खुसखुसलं. मी सांगायचा प्रयत्न केला. काडी, रिले, घर, चिठ्ठी, सगळं एकात एक मिसळलं. त्यांनी मध्येच विचारलं, "शिक्षण काय झालंय आपलं?"

ज्याची भीती होती तोच प्रश्न. मुख्याध्यापक भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले.

"सातवी पास. आठवी अर्धी."

परीक्षकांनी तक्ता उघडला, तळाची माझी सही बघितली आणि नजर वरच्या नावांकडे नेली. "ह्या मुलीची वही नऊ पानांची. मार्क अठरा. कशावरून दिले?"

मी कधी कोणाला उलट बोलले नाही. पण तेव्हा घशातून आलं ते आलं. "तुम्हीच घेऊन बघा सर. कशावरही."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानाच्या कडेला शाळेच्या बोअरची पत्र्याची खोली. "चला. तिथेच."

तो स्टार्टर मी कधी उघडलाच नव्हता. आत काय असेल ते मला माहीत नव्हतं.

ती मुलगी पुढे, आम्ही मागे, सगळा वर्ग त्याच्या मागे. तिनं मेन खाली ओढला, तिन्ही ग्रिपा काढल्या आणि ओढणीच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधल्या. झाकण उघडलं. आत बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" परीक्षक म्हणाले.

ती मुख्याध्यापकांकडे वळली. "सर, इथी बी हाये."

काडी नव्हती. लाकडी फूटपट्टीचा तुकडा होता, त्यावर सेंटिमीटरचे आकडे अजून दिसत होते.

मुख्याध्यापक खाकरले. "ते... शिपायानं लावलं असन."

शिपाई दारातच उभा होता. "सर, पट्टी त तुम्हीच देली होती!"

हसू कोणालाच आवरलं नाही. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी पट्टीचा तुकडा तिच्याकडून घेतला, मुख्याध्यापकांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "सापडलं. आता चालू कर."

ती जागची हलली नाही. "थांबा सर. काऊन कट होत होती ते आधी पाहा लागन. नाही त पुन्हा कोणी पट्टी खोचन."

मी काही बोलले नव्हते. डोळ्यांनीसुद्धा काही सांगितलं नव्हतं, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा तिचं बोट एकेका वायरवरून फिरत होतं. तिसऱ्या वायरीपाशी थांबलं. तिनं नट हलवला. तो हलला. खालची तार काळी पडलेली. तिनं ती खरवडून लखलखीत केली, नट कसला, सगळे नट एकदा तपासले, झाकण लावलं. मग गाठ सोडून एकेक ग्रिप जागेवर बसवली, मेन वर केला आणि हिरवं बटन दाबलं.

मोटर घुमली. क्षणभर नुसताच आवाज. मग गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला लागलं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. उन्हात आम्ही सगळे उभे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पट्टी खोचायच्या आधी एवढ्यात ती तीनदा कट व्हायची, शिपाई मला नंतर म्हणाला. झाली नाही. टाकी भरून पाणी वरून सांडायला लागलं आणि पोरं ओरडत त्याखाली पळाली.

"पट्टीबिगर?" मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं.

"पट्टीबिगर, सर," ती म्हणाली.

वर्गात परत आल्यावर परीक्षकांनी तक्ता पुढे ओढला. पेन उघडलं आणि थांबले. माझा जीव त्या पेनाच्या टोकाशी.

"अठराच का? दोन कुठे कापले?"

"दिवाळीच्या आधी एकदा ग्रिपा टेबलावर ठेवल्या होत्या तिनं. स्वतःजवळ नव्हत्या."

त्यांनी पहिल्यांदाच चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं. "बरोबर आहे. राहू द्या अठराच." आणि माझ्या सहीशेजारी सही केली. सव्वीस पोरांच्या मार्कांपैकी एकही बदलला नाही. उठताना बरणीकडे बोट करून म्हणाले, "आमच्या वावरातल्या पेटीतही आहे एक. लहानपणापासून बघतोय. रविवारी काढतो." दारात शिपायाकडून त्यांनी टेस्टर मागून घेतला, तो परत दिला की नाही मला माहीत नाही.

घरी येऊन मी आईला फोन लावला. तिला सगळं सांगत बसले, स्टार्टर, पट्टी, टाकी. तिला त्यातलं किती कळलं देव जाणे. शेवटी म्हणाली, "ता सगळा ऱ्हवांदे. तू पास झालंस काय गो?"

"परीक्षा पोरांची होती, आई."

"ता माका कळता. तू झालंस काय?"

मी म्हटलं, "झालंय."

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर टेबलावर फूटपट्टीचा तुकडा ठेवलेला. त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, अक्षर मुख्याध्यापकांचं, मोत्यासारखं. 'नट ढिला होता. दोन वर्षं पाहिलं नाही.' ते स्वतः दारात उभे होते, शिपाई त्यांच्या मागे.

"टाका बरणीत," ते म्हणाले. "अन् मार्क किती देता ते सांगा."

सव्वीस पोरं कान देऊन ऐकत होती. मी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"ग्रिपा कोणाजवळ होत्या, सर?"

त्यांनी पहिल्या बाकाकडे बघितलं. ती मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"तिच्याजवळ," ते म्हणाले.

"मग मार्क तिचे," मी म्हटलं, आणि पट्टी बरणीत टाकली.